कामांचा ढीग बघून काहीच सुचेनासं होतं, अशा वेळी काय करावं?

डोक्यातली सगळी कामं आधी कागदावर उतरवा आणि त्यातल्या एकाच कामापुढे ते कधी, कुठे करणार हे नेमकं लिहा. आपल्या डोक्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी नीट मावतात, असं नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलं. लाइटबिल, मुलीची फी, आईंच्या बीपीच्या गोळ्या, साहेबांचा न उचललेला फोन: इथेच चार भरल्या! पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं, की अर्धवट कामं मनात घोळत राहतात, पण ती कधी-कशी करायची हे पक्कं ठरवलं की काम झालेलं नसतानाही ते घोळणं थांबतं. म्हणून 'लाइटबिल भरायचंय' असं मोघम नको; 'रात्री कुकर लावला की मोबाइलवरून लाइटबिल' असं लिहा. मात्र यादीने कामं कमी होत नाहीत. सगळा भार तुमच्या एकट्यावरच असेल, तर तीच यादी घरच्यांसमोर ठेवून कामं वाटून घ्या. त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, तर कागदावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.