यू, दे आणि मायसेल्फ: वाचकांचे प्रश्न

इंग्रजी सर्वनामांबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत.

उद्यमबाग, बेळगाव: आमच्या फाउंड्रीतून अमेरिकेला कास्टिंग जातं. 'यू पीपल हॅव नॉट सेंट द ड्रॉइंग' असा मेल गेला आणि समोरच्यांचा सूर एकदम बदलला. चुकलं काय?

व्याकरणात काहीच चुकलेलं नाही, म्हणून तर ही चूक कुणी दाखवून देत नाही. 'तुम्ही लोकांनी अजून पाठवलं नाही' हे आपण सहज म्हणतो, समोर एकापेक्षा जास्त माणसं आहेत एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत मात्र 'यू पीपल' म्हटलं की 'तुमची जातच तशी' असं ऐकू येतं. 1992 मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार रॉस पेरो कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका मोठ्या संघटनेच्या अधिवेशनात हेच दोन शब्द बोलून गेले. भाषण बाजूला राहिलं आणि त्या दोन शब्दांचीच बातमी झाली.

एकाला आणि अनेकांना एकच 'यू' ही अडचण इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जाणवते. त्यांनी मुलखामुलखाप्रमाणे तोडगे काढले आहेत: अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल', पिट्सबर्गकडे 'यिन्झ', आयर्लंड-स्कॉटलंडात 'यूज', इंग्लंडात 'यू लॉट'. या शेवटच्यात जरा दटावणीचा सूर असतो. 'यू गाइज' बायकांच्या घोळक्यालाही म्हणतात, पण काही जणींना ते खटकतं. हे सगळं ऐकून कळावं, मेलमध्ये मात्र घालू नये.

मेलमध्ये तक्रार असेल तेव्हा 'यू' काढूनच टाका आणि वाक्य 'वी'पासून सुरू करा: 'वी हॅव नॉट यट रिसीव्ह्ड द ड्रॉइंग.' पाठोपाठ रिव्हिजन नंबर आणि कधीपर्यंत हवं ती तारीख. अनेकवचन दाखवायचंच असेल तर 'युअर टीम' किंवा थेट त्या विभागाचं नाव. आभार मानताना 'यू' हवं तितकं वापरा. 'यू हेल्प्ड अस' कुणालाही आवडतं, 'यू डिड नॉट सेंड' मात्र अंगावर येतं.

खानापूर, शिक्षिका: एका माणसाला 'दे' म्हणणं हे नवं फॅड आहे का? आणि मेलच्या खाली नावापुढे 'शी, हर' लिहितात ते कशासाठी?

फॅड नाही. समोरचा पुरुष की बाई हे माहीत नसताना एकट्या माणसासाठी 'दे' वापरणं चौदाव्या शतकापासून लिखाणात सापडतं. 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला' हे वाक्य इंग्रज माणूस दिवसातून दहादा बोलतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी अशा ठिकाणी पुल्लिंगी 'ही' (he) हेच वापरायचं असा आग्रह धरला. 1850 मध्ये ब्रिटिश संसदेने तर कायद्याच्या भाषेत पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरायच्या असं ठरवून टाकलं. आपल्या शाळांत पोचलं ते हे व्याकरण.

नवीन आहे ते एवढंच, की स्वतःला पुरुष किंवा स्त्री न मानणारी, आपल्या ओळखीची, नावानिशी माहीत असलेली व्यक्तीही आता 'दे' मागते. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने 2019 चा शब्द म्हणून 'दे' निवडला तो याच अर्थामुळे.

वर्गात समजावायला आपल्या भागात कन्नड हाताशी आहे, त्याचा उपयोग करा. मराठीत आदर दाखवतानाही 'डॉक्टर आले' की 'डॉक्टर आल्या' हे ठरवावंच लागतं. कन्नडमध्ये 'अवरु बंदरु' म्हटलं की एक डॉक्टर आहेत, मान आहे, आणि ते की त्या हे सांगायची गरज नाही. क्रियापदही अनेकवचनी. 'दे'चंही तसंच: माणूस एक असला तरी 'दे आर', 'दे हॅव'. मुलं हमखास 'दे इज' लिहितात. 'अवरु'ची आठवण करून दिली की ती चूक लवकर सुटते.

मेलखालची जोडी म्हणजे त्या व्यक्तीबद्दल बोलताना वापरायची सर्वनामं: पहिला शब्द कर्त्याच्या जागी, दुसरा कर्माच्या जागी. अमेरिकेत यावरून दोन तट आहेत. काहींना ते साधं सौजन्य वाटतं, काहींना राजकारण. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या अनेक केंद्रीय खात्यांनी कर्मचाऱ्यांना या ओळी काढून टाकायला लावल्या. आपण त्या वादात पडायचं कारण नाही. समोरच्याने लिहिलं असेल तर ते पाळावं, नसेल तर नाव वापरावं. नावावरून अंदाज बांधू नये, कारण 'आंद्रेआ' इटलीत पुरुष असतो आणि इंग्लंडात बाई. आपल्याकडचे किरण आणि सुहास परदेशातल्या माणसाला असेच कोड्यात टाकतात. अशा नावाच्या माणसाने स्वतःची ओळ लिहिली तर 'डिअर मिस किरण' टळतं. बोलताना चूक झालीच तर 'सॉरी, शी' एवढं म्हणून पुढे जावं. लांबलचक माफी मागितली की उलट समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

चिकोडी, परिचारिका: मी ब्रिटनमधल्या नोकरीची तयारी करते आहे. इंग्रजीत 'तुम्ही' नाही, मग वयस्कर रुग्णांशी आदराने बोलायचं कसं?

पूर्वी इंग्रजीतही 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही असा फरक होता. सतराव्या शतकाच्या सुमारास 'दाऊ' प्रमाणभाषेतून मागे पडलं, यॉर्कशायरच्या बोलीत थोडं उरलं. आज जे सगळ्यांना म्हणतात ते खरं तर 'तुम्ही'च आहे. मान दिसतो तो नावातून आणि विचारण्याच्या ढंगातून.

पहिल्या भेटीत आधी स्वतःचं नाव सांगा. डॉ. केट ग्रेंजर यांनी 2013 मध्ये 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केल्यापासून तिथल्या रुग्णालयांत याला फार महत्त्व आलं आहे. मग 'व्हॉट वुड यू लाइक मी टू कॉल यू?' असं विचारा. उत्तर मिळेपर्यंत मिसेस किंवा मिस्टर आणि आडनाव. नुसतं पहिलं नाव त्यांनी सांगितल्यावरच. 'सिट' ऐवजी 'वुड यू लाइक टू सिट?' म्हणा, आपलं 'बसा ना' तिथे या रूपात येतं.

दोन गोष्टी सांभाळा. रुग्णबाई समोर असताना डॉक्टरांना 'शी हॅज नॉट ईटन' असं सांगू नका. समोर असलेल्या बाईला नुसतं 'शी' म्हणणं तिथे उद्धटपणाचं मानतात. 'हू इज शी, द कॅट्स मदर?' असं मुलांना दटावायची तिथे जुनी पद्धत आहे. सासूबाई समोर बसल्या असताना सून 'ती जेवली नाही' म्हणाली तर आपल्या घरात जसं होईल, तसंच. आधी नाव घ्या: 'मिसेस अमुक हॅज नॉट ईटन.' पुढच्या वाक्यात 'शी' चालतं. दुसरं, 'हाऊ आर वी टुडे?' हे काही परिचारिका लाडाने म्हणतात, पण अनेक वृद्धांना आपल्याला लहान मूल समजतात असं वाटतं. 'हाऊ आर यू?' पुरेसं आहे.

टिळकवाडी, बेळगाव, विद्यार्थी: लंडनच्या पोरांच्या बोलण्यात 'मॅन' म्हणजे 'मी' असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. लंडनच्या बहुवांशिक वस्त्यांतली तरुण मुलं 'मॅन'चा वापर सर्वनामासारखा करतात. संदर्भाप्रमाणे तो 'मी', 'तू' किंवा 'आपण' होतो. आपल्याला हे परकं वाटायला नको. 'माणसानं किती सहन करायचं?' म्हणणारा स्वतःबद्दलच बोलत असतो, आणि 'आपण नाही कुणाला घाबरत' म्हणणाराही. बाल्टिमोरच्या शाळकरी मुलांत 'यो' हा शब्द 'ही' आणि 'शी' दोन्हींच्या जागी चालतो. 2007 मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. हे शब्द त्या त्या टोळक्याचे असतात. बाहेरच्याने वापरले की नक्कल वाटते.

निपाणी: मुलाखतीत 'मायसेल्फ अमुक अमुक' म्हणू नये असं सांगतात. का?

'मायसेल्फ'ला त्याच वाक्यात आधी 'आय' लागतं: 'आय हर्ट मायसेल्फ.' एकटं आलं की ते आपल्याकडचं इंग्रजी म्हणून लगेच ओळखू येतं. 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज' म्हणा. 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' मात्र इंग्रज कारकूनही लिहितात, इंग्रजी 'मी' (me) उर्मट वाटेल या भीतीने. तिथे 'मी'च बरोबर.

'आय' की 'मी' हा घोळ मिटवायचा तर दुसऱ्या माणसाला वाक्यातून क्षणभर बाजूला करा. 'मी अँड हिम वेंट' मधून 'हिम' काढलं तर 'मी वेंट' उरतं, ते चुकीचं, म्हणून लेखी भाषेत 'ही अँड आय'. बोलताना मात्र इंग्रज माणसं 'मी अँड हिम' सर्रास म्हणतात. उलट 'बिटवीन यू अँड आय' हे शुद्ध बोलायच्या नादात होतं. 'बिटवीन' नंतर 'मी'च हवं.

अथणी: मुलगा 'त्याने आपली पिशवी घेतली' याचं 'ही टुक अवर बॅग' करतो.

इथलं 'आपली' म्हणजे कर्त्याची स्वतःची, म्हणून 'हिज बॅग'. 'आपली'च्या जागी 'स्वतःची' घालून पाहायला सांगा. अर्थ तोच राहिला तर 'हिज' किंवा 'हर', बदलला तर 'अवर'. 'रमेशने सुरेशला आपली पिशवी दिली' यात तर 'हिज'ने घोटाळा होतो, पिशवी दोघांपैकी कुणाचीही होऊ शकते. तिथे 'हिज ओन बॅग' लिहायला लावा.