ताम्रसृती, अभिरक्त विस्थापन की नुसते रेडशिफ्ट?

इंदूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 'दीर्घिकांची अंतरे कशी काढतात' यावर मराठी तक्ता करायचा आहे. हिंदी पुस्तकात 'अभिरक्त विस्थापन' सापडले, घरातल्या जुन्या मराठी पुस्तकात 'ताम्रसृति'. यातले कोणते घ्यावे, आणि दीर्घिका तांब्याच्या रंगाची दिसते असा याचा अर्थ आहे का?

'ताम्रसृती' घ्या. तांब्याशी संबंध आहे, पण तो फक्त शब्दाच्या जन्मापुरता. संस्कृत 'ताम्र'पासून आपला 'तांबडा' आला, आणि वर्णपटातल्या रंगाला मराठीने तोच शब्द ठेवला. इंदूरची मुले शाळेत 'बैनीआहपीनाला' घोकतात, त्यात शेवटी 'लाल' येतो. घरी आजीकडून 'तानापिहिनिपाजा' ऐकतात, त्यात सुरुवातच तांबड्याने होते. 'सृती' हा 'सृ' धातूचा, म्हणजे सरणे. प्रसार, अपसरण, संसार ही त्याचीच भावंडे. ताम्रसृती, म्हणजेच रेडशिफ्ट: दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या वर्णपटातल्या रेषांचे तांबड्याच्या दिशेने सरणे.

'अभिरक्त' चूक नाही. 'अभि' म्हणजे कडे, 'रक्त' म्हणजे लाल. संस्कृतच्या दृष्टीने तो जास्तच काटेकोर आहे. पण मराठी कानाला 'रक्त' म्हटले की आधी अंगातले रक्त आठवते. दुसरी अडचण अधिक व्यवहारातली: तांबड्याच्या पलीकडच्या अदृश्य प्रारणाला (इन्फ्रारेड) 'अवरक्त' म्हणतात. तक्त्यावर 'अभिरक्त' आणि 'अवरक्त' शेजारी आले की लिहिणाराही गोंधळतो आणि वाचणाराही. 'विस्थापन' तर नर्मदेच्या खोऱ्यात धरणग्रस्तांच्या शब्दकोशात कायमचे गेलेले आहे.

आता रंगाबद्दल, कारण खरी चूक इथेच होते. सृतीमुळे वस्तू तांबडी होते असे नाही, आणि सरकलेली रेषा तांबड्यात पोचतेच असेही नाही. '३सी २७३' या क्वासारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या, वर्णपटाचे कोडे मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये सोडवले. त्यात हायड्रोजनची ४८६.१ नॅनोमीटरची निळसर-हिरवी रेषा ५६२.९ च्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्यात दिसते. दोन्ही आकड्यांतला फरक ७६.८, त्याला मूळ ४८६.१ ने भागले की ०.१५८. हीच त्याची ताम्रसृती. ती गुणोत्तर आहे, म्हणून तिला एकक नाही. रेडिओ दुर्बिणींचे उदाहरण आणखी गमतीचे. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणी हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर टिपतात. ०.१ ताम्रसृतीला ती सुमारे २३ सेंटिमीटर होते आणि वारंवारता १४२० वरून १२९१ मेगाहर्ट्‌झवर उतरते. ही लहर मुळातच तांबड्याच्या पार पलीकडची, म्हणजे 'ताम्रसृती'ने ती तांबड्यापासून आणखी दूर जाते! तेव्हा 'ताम्र' हे इथे दिशेचे नाव समजा: वाढत्या तरंगलांबीकडे. उलट दिशेला नीलसृती. देवयानी दीर्घिकेची नीलसृती व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये मोजली. ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे दिसले.

अंतराळातल्या धुळीमुळेही प्रकाश लालसर होतो, पण ती गोष्ट वेगळी. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, वर्णरेषा मात्र जागच्या जागी राहतात. तिथे 'लालसरपणा' म्हणावे, सृती म्हणू नये.

क्रियापदही जपून वापरावे. ताम्रसृती 'मोजतात', अंतर 'काढतात'. मोजण्यासाठी निऑन-आर्गॉनसारख्या दिव्यांच्या माहीत असलेल्या रेषांवरून वर्णपटावर तरंगलांबीचे माप बसवतात, मग दीर्घिकेच्या रेषा ओळखतात. एकाच रेषेवर विसंबले की फसगत होते. ७४५.४ नॅनोमीटरला एकटी रेषा दिसली आणि ती ऑक्सिजनची ३७२.७ ची मानली, तर ताम्रसृती १ येते, हायड्रोजनची ६५६.३ ची मानली, तर जेमतेम ०.१४. म्हणून निदान दोन रेषा जुळायला हव्यात.

ताम्रसृती थोडी असेल, तर तिला प्रकाशाच्या वेगाने गुणून हबल स्थिरांकाने, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणाऱ्या आकड्याने, भागायचे. ०.०२ ला सेकंदाला ६,००० किलोमीटर. स्थिरांक ७० (दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर) धरला तर सुमारे ८६ मेगापार्सेक, म्हणजे २८ कोटी प्रकाशवर्षे. शेजारच्या दीर्घिकांना हा हिशेब लावू नका. दीर्घिकांची आपापली धावपळ सेकंदाला काहीशे किलोमीटरची असते. ती ३०० धरली तर ६,००० मध्ये पाच टक्के, पण ६०० मध्ये निम्मी चूक. देवयानीचे अंतर तर या सूत्राने ऋणच येईल.

'दीर्घिका' हा शब्दही तसाच ठेवा. हिंदीत कोणत्याही गॅलक्सीला 'आकाशगंगा' चालते, मराठीत ते आपल्या एकटीचे नाव. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे किंवा विहीर.

लेखन: आताच्या नियमाने एकटा शब्द 'ताम्रसृती', शेवटी दीर्घ, 'ताम्रसृतीचे', 'ताम्रसृतीने' हेही दीर्घ. समासात मात्र 'ताम्रसृतिमापन'. शब्द स्त्रीलिंगी: 'ती ताम्रसृती ०.१५८ आहे'. आणि तक्त्याच्या रकान्यात 'रेषांचे अंतर' लिहू नका. हिंदीत 'अंतर' म्हणजे फरक, आणि आपण ज्याला अंतर म्हणतो ती 'दूरी'. इंदुरात तक्ता वाचणारे निम्मे लोक हा शब्द हिंदीतूनच वाचतील. एका रकान्याला 'तरंगलांबीतला फरक' आणि शेवटच्याला 'अंतर, प्रकाशवर्षांत' असे नाव द्या.