काका ग्रुपवर टाकतात, बिग बँग, म्हणजे विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला हा सिद्धांत, ऋषींना आधीच माहीत होता. त्यांना काय उत्तर द्यावं?

नव्हता माहीत. एवढं म्हणून गप्प बसले असते, पण ह्याच विषयावरून माझं आणि थोरल्या दिरांचं बिनसलंय.

भाऊजी आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे अध्यक्ष. गणपतीत त्यांनी व्याख्यान ठेवलं. वक्ते म्हणाले, ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प, 432 कोटी वर्षं. शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढतात 454 कोटी. जुळलं की नाही? टाळ्या!

मी भिक्षुकाची मुलगी, पूजेचा संकल्प ऐकतच वाढले. उठले आणि म्हटलं, "सकाळी गुरुजी 'श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे' म्हणाले ना? म्हणजे कल्पाच्या चौदा भागांपैकी, मन्वंतरांपैकी, सातवं, त्यातली चार युगांची अठ्ठाविसावी चौकडी. पुराणांच्याच हिशेबाने ह्या कल्पातली साधारण 197 कोटी वर्षं सरलीत. ब्रह्मदेवाची अजून दुपारसुद्धा झाली नाही. मग 454 कशाशी जुळवताय?"

"प्रश्न शेवटी घेऊ," वक्ते म्हणाले. शेवटी चहा घेतला. वर घरी आल्यावर भाऊजी मला म्हणतात, "माहेरची पोथी सासरी कशाला उघडतेस?"

असो. काका नासदीय सूक्तही पाठवतीलच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129वं, सातच ऋचांचं. लोक पहिली ऋचा उचलतात, तेव्हा सत् नव्हतं आणि असत्‌ही नव्हतं, आणि तिथेच थांबतात. शेवटची ऋचा म्हणते, ही सृष्टी कुठून आली ते परम व्योमातल्या तिच्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही नसेल. 'देव जाणे' म्हणून मोकळं होता आलं असतं, तरी तो कवी झाला नाही. अशा माणसाच्या तोंडी तुम्ही तयार उत्तर कोंबता?

आणि पुण्यात राहून खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना विसरू नका. त्यांना बिग बँग कधीच पटला नाही. 1993 मध्ये हॉयल आणि बर्बिज या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी मांडलं की विश्वाला आरंभच नाही. ते आळीपाळीने फुगतं-आकसतं, नवं द्रव्य तयार होत राहतं. कल्पांच्या चक्राशी जुळवायचंच तर हे जास्त जवळचं. पण बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही, कारण 1965 मध्ये जाहीर झालेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा (मायक्रोवेव्हचा) उलगडा बिग बँगने जास्त चांगला होतो. तिथे भांडण निरीक्षणांवर चालतं. उद्या बिग बँग मागे पडला, तर काका ऋषींचंही मत बदलणार का?

मी बँकेत आयुष्य काढलं, खगोलशास्त्रज्ञ नाही, हे सांगून ठेवते. आणि कोटींत काळ मोजणाऱ्यांचं कौतुक मलाही आहे. सतराव्या शतकात युरोपातले विद्वान सृष्टीचा आरंभ इसवीसनपूर्व 4004 धरून बसले होते. पण कौतुक वेगळं आणि आयत्या पिठावर रेघोट्या वेगळ्या.

काकांना एवढंच विचारा: विश्वाचं वय आज 1380 कोटी धरतात, तो आकडा कुठल्या पुराणात आहे? भाऊजींना मी विचारलंय. ते विषय बदलतात.