'संगीत सौभद्र'मध्ये पुराणातलं किती आणि किर्लोस्करांचं किती?

तुमचा प्रश्न असा आहे: "'सौभद्र' महाभारतावर आधारित आहे, एवढंच सगळीकडे सापडतं. मग त्यातला विनोद कुठून आला? निबंधात लेखनतंत्र म्हणून नेमकं काय दाखवू?"

अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे संगीत नाटक "महाभारतावर आधारित" आहे, हे उत्तर अर्धंच आहे, आणि निबंध तिथेच फसतो. आदिपर्वातलं सुभद्राहरण काढून वाचा. वनवासातला अर्जुन रैवतक पर्वतावरच्या उत्सवात सुभद्रेला पाहतो. स्वयंवराचा भरवसा नाही, तेव्हा हरण कर, असा सल्ला खुद्द कृष्ण देतो. युधिष्ठिराकडे दूत पाठवून संमती आणली जाते, अर्जुन तिला रथात घालून नेतो, बलराम खवळतो, कृष्ण त्याला शांत करतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीच्या मुख्य संहितेत ना दुर्योधनाचं स्थळ आहे, ना संन्याशाचं सोंग. म्हणजे सुखात्मिका ज्यावर उभी राहावी ते काहीच तिथे नाही.

ते आहे भागवताच्या दशम स्कंधात, 86व्या अध्यायाच्या सुरुवातीच्या डझनभर श्लोकांत. बलराम सुभद्रा दुर्योधनाला द्यायला निघालाय, बाकीच्यांना ते नकोय. अर्जुन त्रिदंडी यती, म्हणजे तीन दंड धारण करणारा संन्यासी होऊन द्वारकेत शिरतो आणि पावसाळ्याचे महिने तिथेच काढतो. बलराम त्याला न ओळखता घरी बोलावून जेवू घालतो. पुढे देवयात्रेच्या वेळी, आईवडील आणि कृष्ण यांच्या संमतीने, हरण होतं. महाभारताच्या दाक्षिणात्य पाठांत, म्हणजे दक्षिणेकडच्या हस्तलिखितांत, हा यतिवेषाचा भाग बराच फुललेला आहे. तिथे कृष्ण बलरामाला वर सांगतो, की हा तरुण, देखणा माणूस कन्यांच्या महालाजवळ ठेवणं बरं नव्हे. विनोदाचं बी इथे आहे. तुलना करायची तर आदिपर्व आणि भागवत दोन्ही समोर ठेवून करा.

आता किर्लोस्करांची भर. नाटकाचे पहिले तीन अंक 1882 साली पुण्यात झाले, पुढच्या वर्षी पाचही अंकांचं नाटक उभं राहिलं. भागवतातला अर्जुन सुभद्रा मिळवायची म्हणूनच यती होतो. 'सौभद्र'मधला अर्जुन मात्र लग्नाची बातमी ऐकून खचतो आणि वैतागाने संन्यासाकडे वळतो. हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दंड-कमंडलू खऱ्या निराशेतून हाती आलेले असल्यामुळे, सुभद्रा समोर आल्यावर संन्याशाची होणारी ओढाताण लबाडाची वाटत नाही. आपण त्याच्यावर हसतो आणि त्याच वेळी त्याच्या बाजूचेही असतो.

दुसरी भर घटोत्कचाची. कृष्णाच्या सांगण्यावरून तो सुभद्रेला उचलून अर्जुनाच्या वाटेत आणतो. बलरामाने जमवलेलं कौरवांकडचं स्थळ घटोत्कचाने मोडायचं, हा साचा वत्सलाहरणाच्या कथेतही आहे. तिथे वधू बलरामाची मुलगी आणि तिला हवा असलेला वर अभिमन्यू. केरळच्या कुलशेखरवर्म्याच्या 'सुभद्राधनंजय' या संस्कृत नाटकातही राक्षस सुभद्रेला पळवतो आणि अर्जुन सोडवतो. कोणी कोणाकडून घेतलं, या वादात न पडता साम्य नोंदवा.

तंत्राचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: कोणाला काय माहीत आहे, याची पात्रापात्रांत वाटणी. वहीत तक्ता करा. उभ्या रकान्यात कृष्ण, अर्जुन, बलराम, सुभद्रा, रुक्मिणी, घटोत्कच. आडव्या ओळीत प्रत्येक प्रवेश. "यती म्हणजे अर्जुन" हे आणि "यामागे कृष्ण आहे" हे, अशा दोन गोष्टी कोणाला कधी कळतात ते भरत जा. बलरामाचा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहतो, आणि अर्जुनाला सुभद्रेजवळ आणून बसवणारा तोच असतो. कृष्ण मुद्दाम विरोध करतो म्हणून तो अधिकच हट्टाला पेटतो. "वद जाऊं कुणाला शरण" हे सुभद्रेचं पद करुण आहेच, पण सोडवणारा घरातच बसलाय हे प्रेक्षकाला माहीत असल्यामुळे त्या करुणेखाली दिलासा असतो. यादवांचं राजघराणं इथे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी एकत्र कुटुंबासारखं वागतं: कर्ता भाऊ स्थळ ठरवतो, आईवडिलांचं चालत नाही, धाकटा भाऊ आतून सूत्रं हलवतो.

पदांकडे वाङ्मय म्हणून कमी पाहिलं जातं. "नच सुंदरी करूं कोपा" घ्या. कृष्ण रुक्मिणीला विनवतो की "करपाशीं या तनुला बांधुनि करि शिक्षेला", पुढे गालावर दंतव्रण करायला सांगतो. हे जयदेवाच्या 'गीतगोविंद'च्या दहाव्या सर्गातून आलंय: "घटय भुजबन्धनं जनय रदखण्डनम्". तिथे रुसलेली राधा, इथे रुसलेली बायको. अष्टपदीतला ('गीतगोविंद'मधल्या गीतातला) शृंगार संसारातल्या रुसव्यात आणून बसवणं, हे किर्लोस्करांचं खरं कसब. निबंधात या दोन ओळी शेजारी शेजारी लिहिल्यात तर पानभर विवेचनाचं काम होईल.

प्रयोगात बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, यतीचं काम करणारा प्रेक्षकांकडे पाहून डोळे मिचकावतो. त्याने संन्यास गंभीरपणेच करायला हवा. सोंग उघडं पडलं की बलराम मूर्ख दिसतो, आणि बलराम मूर्ख झाला की त्याच्या शब्दाचा धाक संपतो, सुभद्रेचं संकटही पोकळ होतं. दोन, गाणं. "प्रिये पहा" देसकारात आहे, सकाळचा राग आणि पदात उषःकाल, जुळणी सुंदर. पण ते पाव तास आळवलं तर रुक्मिणीच्या रुसव्याचा धागाच तुटतो. पदं शंभराहून जास्त असल्याने काटछाट करावीच लागते. ती करताना वरचा तक्ता हाताशी ठेवा: ज्या पदाने कोणाला काही नवं कळत नाही किंवा मन पालटत नाही, ते आधी कमी करा. घटोत्कचाचा प्रवेश मात्र लांबी वाचवायला कापू नका. कृष्णाची योजना तिथे प्रत्यक्ष चालताना दिसते. तो गेला तर पुढे कृष्णाच्या आडमुठेपणामागचा हेतू नवख्या प्रेक्षकाला लागत नाही.