टाळ्या कधी वाजवायच्या?

प्रश्न: मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात पहिल्यांदाच ऑर्केस्ट्रा ऐकायला जातोय, नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याचा पियानो कॉन्सर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) आहे, पाहुणा पियानोवादक आहे. कुठे बसू, टाळ्या कधी वाजवू? – एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: अहो मस्तच! सीट डाव्या बाजूची घ्या, वादकाची बोटं दिसतात. आणि उशीर अजिबात नको, फास्ट पकडून वेळेत सीएसएमटी गाठा, कारण सुरुवातच जबरदस्त आहे, टिम्पनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा, आवाज घुमत चढतो आणि पियानो वरच्या सुरांवरून धाडधाड खाली येतो, १८६८ साली हे लिहिणारा ग्रीग जेमतेम पंचविशीतला होता! भाग तीन आहेत, मधे टाळ्या वाजवत नाहीत, तिसरा संपला की मनसोक्त वाजवा. पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबतो, पियानो एकटाच वाजतो, ती कादेन्झा, तिथे 'क्या बात है' तोंडावर येईल पण मनातच ठेवा.