अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर आई-वडिलांना शिक्षा का होऊ नये? शेवटी दोष संस्कारांचाच ना?

तुम्ही एका दमात बरंच विचारलंय. कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण, पुण्यातली कोयतेवाली पोरं, अमेरिकेत आई-बापांना आत टाकलं तसं आपल्याकडे का नाही, आणि वय १८ वरून १६ वर आणावं का. वर "मूळ दोष घरच्या संस्कारांचा, बाकी सगळ्या पळवाटा" असं उत्तरही स्वतःच देऊन टाकलंत. मग विचारलंत कशाला, असं क्षणभर वाटलं. पण हा विषय आमच्या घरातून गेलाय, म्हणून लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. आई-बापाला शिक्षा व्हावी, जरूर व्हावी, पण त्यांनी पोराच्या हातात काय दिलं ते बघून. गाडीची किल्ली दिली, उधळायला पैसा दिला, आणि पोरगं सापडल्यावर प्रकरण दाबायला धावले, तर त्यांना सोडू नये. ज्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, वेळसुद्धा नव्हता, त्यांना जाब विचारण्याआधी त्यांचा दिवस कुठे जातो ते विचारा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पहिल्याच्या बाबतीत "पोरवय आहे, होतं असं" आणि दुसऱ्याला संस्कारांचं व्याख्यान.

माझी धाकटी बहीण पुण्यातच, अप्पर इंदिरानगरला राहते. मेसमध्ये पोळ्या करते. पहाटे निघते, दुपारी घरी येऊन धुणं-भांडी-पाणी उरकते आणि संध्याकाळी परत मेसवर. घरी यायला रात्रीचे दहा. नवरा ट्रकवर, बेंगलोर लाइनला. महिन्यातून थोडे दिवस घरी, त्यातले निम्मे झोपेत. मी मार्केट यार्डात गाळ्यावर दिवाणजी आहे, म्हणजे माझाही दिवस अंधारातच सुरू होतो.

भाचा सोळाचा. अभ्यासात मध्यम, स्वभावाने भिडस्त. नववीत असताना दप्तर घेऊन रोज घरातून निघायचा, पण शाळेत पोचत नव्हता. महिना-दीड महिना हे चाललं. शाळेने घरी कळवलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. बहिणीकडे तेव्हा बटणांचा फोन होता. शाळेच्या वहीत तिचा नंबर लिहिलेला होता, पण तो लावावा असं कुणाला वाटलं नाही.

शाळेऐवजी तो जिथे जायचा तिथे एक भाई बसायचा. भाई म्हणजे तुम्ही पिक्चरमध्ये बघता तसला नाही. तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं, अंगावर एक-दोन पोलीस केसेस, वाढदिवसाला कोयत्याने केक कापून स्टेटस ठेवणारं. त्याने भाच्याला आधी वडापाव दिला, मग जुना स्मार्टफोन, मग पांढरे बूट, मग स्वतःची बाइक चालवायला. आणि रोज संध्याकाळी "जेवलास का" विचारायचा. हे शेवटचं मला पोराने स्वतः सांगितलं. घरात त्या वेळेला विचारणारं कोणी नसायचं, कारण विचारणारी दुसऱ्यांच्या पोरांसाठी पोळ्या लाटत होती.

भाईला हे सगळं परवडतं, कारण त्याला कायदा पाठ आहे. पोरगं अठराच्या आत असेल तर त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, आणि जामीन हा नियम असतो. हे कायदे चांगल्यासाठीच आहेत, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण भाईच्या दृष्टीने सोळाचं पोरगं म्हणजे स्वस्तातला माणूस. पुढे त्याला घालायचं, मागे आपण राहायचं.

एका रात्री या टोळक्याने शेजारच्या गल्लीत जाऊन उभ्या गाड्या फोडल्या. रिक्षा, दुचाक्या, एक भाजीचा टेम्पो. ज्यांच्या काचा फुटल्या तेही आमच्यासारखेच हप्त्यावर गाडी घेतलेले. भाच्याच्या हातात कोयता नव्हता, तो बाइक चालवत होता. सीसीटीव्हीत तोंड स्वच्छ दिसतं. तो निर्दोष आहे असं मी कधीच म्हटलं नाही आणि आताही म्हणत नाही.

चौकीवर मी आणि बहीण गेलो. तिथल्या एका साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "सांभाळता येत नाहीत तर पोरं काढता कशाला?" ती म्हणाली, "साहेब, पाच वाजता कामावर जायचंय, सही कुठे करू?" साहेबांना तो उद्धटपणा वाटला. मला विचाराल तर त्या अख्ख्या रात्रीत तेवढं एकच वाक्य कामाचं होतं. खाडा झाला असता तर दुसऱ्या दिवशी मेसवाल्याने दुसरी बाई बघितली असती.

पुढे मंडळासमोर येरवड्याला. बाहेर बाकावर बसलेल्या पालकांत बहुतेक आयाच. आत दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात हे मला तिथेच कळलं. त्याआधी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर बाईंनी घरी येऊन चौकशी केली. पोरगं किती वाजता उठतं, घरात कोण असतं, रात्री जेवायला कोण वाढतं, शाळा कधी सुटली. याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. इतक्या दिवसांत हे प्रश्न विचारणारी ती पहिली व्यक्ती. तुमच्या "मूळ कशात आहे" या प्रश्नाचं उत्तर अशा अहवालांच्या गठ्ठ्यात पडलेलं असतं, टीव्हीवरच्या चर्चेत नव्हे.

आता नानांकडे येतो. नाना म्हणजे माझे चुलतभाऊ, इंदापूरकडे असतात. ऊस आहे, दोन मजली घर आहे, गावात मान आहे. भाच्याचं प्रकरण झाल्यावर प्रत्येक लग्नात, प्रत्येक दहाव्याला ते बहिणीला ऐकवतात. "बूट दिसले तेव्हाच दोन कानाखाली ओढायच्या होत्या. आमच्या घरात असं चालत नाही." बूट तिला दिसले होते. तिने विचारलं, पोरगं म्हणालं मित्राचे जुने आहेत. बाप आल्यावर बापाने ओढल्या पण दोन, पट्ट्याने ओढल्या. पोरगं घर सोडून भाईच्याच खोलीवर झोपायला गेलं. मारून पोर सुधारतं म्हणणाऱ्यांनी ते मार खाल्ल्यावर कुठे जातं तेही बघावं.

आणि नानांच्या घरात काय चालतं? पोराला दहावीला टक्के मिळाले म्हणून बुलेट घेऊन दिली. पोरगं तेव्हा पंधराचं. गावातल्या वाटेवर एका म्हाताऱ्याला उडवलं, पाय मोडला. पोलिसांपर्यंत गेलंच नाही, पैसे देऊन आपसात मिटवलं. म्हाताऱ्याच्या मुलाने पैसे घेतले, त्याला मी नावं ठेवत नाही, दवाखान्याचं बिल समोर असतं. पण त्या वेळी एकाही नातेवाइकाच्या तोंडून संस्कार हा शब्द निघाला नाही. उलट "पोराला लागलं नाही ना कुठे?" असं विचारायला लोक पेढे घेऊन गेले. पोर्शेची बातमी आली तेव्हा याच नानांनी घरच्या ग्रुपवर लाल तोंडाचे इमोजी टाकले होते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. पालकाची संमती होती असं न्यायालय गृहीतच धरतं; मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी बापावर. म्हणजे तुम्ही मागताय तो कायदा आहे. तो नानांसाठीच लिहिलाय. फक्त गुन्हा नोंदला जावा लागतो.

पोर्शे प्रकरणात तो नोंदला गेला, कारण १९ मे २०२४ च्या पहाटे त्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि शहर पेटलं. गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला त्याच दिवशी जामीन मिळाला, ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. त्यावर देशभर हसून झालं. मला निबंधापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. वडिलांना अटक झाली. पोराच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात ससून रुग्णालयाचे डॉक्टर आणि पोराची आई अटकेत गेली. ड्रायव्हरवर दबाव आणल्याच्या आरोपात आजोबाही. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आरोप खरे असतील तर त्या घरात पोराकडे लक्ष द्यायला माणसं भरपूर होती. तीन पिढ्या धावल्या. धावल्या कशासाठी, ते बघा.

अमेरिकेतलं तुम्ही म्हणता ते मिशिगनचं क्रम्बली दांपत्य. २०२१ साली त्यांच्या १५ वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थी मारले. बापाने चारच दिवस आधी पिस्तूल विकत आणलं होतं. त्याच सकाळी शाळेने आई-बापाला बोलावून पोराने काढलेलं भयानक चित्र दाखवलं, तरी त्यांनी त्याला घरी नेलं नाही की पिस्तुलाचा विषय काढला नाही. २०२४ मध्ये दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. ती संस्कार कमी पडले म्हणून नव्हे. पिस्तूल दिलं आणि समोर दिसत असून थांबवलं नाही, म्हणून.

भाईसाठीही कायदा आहे, हे तुम्हाला माहीत नसेल, कारण तो कोणी वापरताना दिसत नाही. बाल न्याय कायद्याचं ८३ वं कलम: मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. भारतीय न्याय संहितेचं ९५ वं कलम आणखी कडक, किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त १०. आमच्या प्रकरणात मी स्वतः विचारलं, भाईला हे कलम लावलं का. उत्तर मिळालं, "तुम्ही पोराकडं बघा." भाई महिनाभरात बाहेर होता. नवीन पोरगं बाइकवर.

वयाचं विचारलंत. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ मधल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवायची सोय आधीच केलेली आहे, मंडळ आधी प्राथमिक मूल्यमापन करतं. पोर्शेच्या पोराबाबत पोलिसांची ती मागणी जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. बरोबर की चूक यावर वकिलांनी बोलावं. एवढं मात्र दिसतं की वय सोळावर आणलं तर भाई पंधराची पोरं शोधेल.

तुमचं पोरगं कधी सापडलंच, तर दोन गोष्टी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फुकट मिळतो. आणि परिविक्षा अधिकाऱ्यापुढे घरचं खरं सांगा, अब्रू झाकू नका. आम्हाला नातेवाइकांनी "बाप रोज घरी असतो असं लिहून द्या" म्हणून सांगितलं होतं. बहिणीने ऐकलं नाही. म्हणून तर बाईंनी पोराला संध्याकाळच्या वेळेत बसायला जागा बघून दिली.

हेही सांगायला हवं की गरीब घरातली सगळी पोरं भाईकडे जात नाहीत. याच बहिणीची थोरली मुलगी, तेच घर, त्याच वेळा, नर्सिंग करतेय. आणि पैसेवाला प्रत्येक बाप नाना नसतो. काही घरांत आई-बाप खरोखरच बेफिकीर असतात, रोज पिऊन पडलेले असतात, त्यांची बाजू मी घेत नाहीये. काचा फुटलेल्या रिक्षावाल्याला तर माझ्या बहिणीच्या पहाटेशी काही देणंघेणं असायचं कारण नाही. बाल न्याय कायद्यात मंडळ पालकांनाही दंड भरायला लावू शकतं. तसा आदेश आला तर आम्ही भरू, कुरकुर न करता.

भाच्याचं प्रकरण अजून मंडळापुढे आहे. नानांच्या पोराला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतायत. लायसन्ससाठी एजंट बघताहेत, आणि पुण्यात कोणी ओळखीचा आहे का म्हणून परवा मलाच फोन आला होता. मी म्हटलं, म्हाताऱ्याची केस नोंदली असती तर आणखी सात वर्षं हा फोन करावा लागला नसता.