राग नेमका असू दे

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण काल रात्री वाचले. रेसी टेलर या २४ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीला ३ सप्टेंबर १९४४ रोजी अलाबामातील ॲबव्हिल येथे, चर्चमधून घरी परतताना, गोऱ्या तरुणांनी बंदुकीच्या धाकाने पळवून नेले आणि त्यांतील सहा जणांनी तिच्यावर बलात्कार केला, असे पहिल्या खर्ड्यात तू सरळ लिहिले होतेस. आता तिथे ‘वांशिक तणावातून घडलेली दुर्दैवी घटना’ असे आले आहे. भाषा आक्रस्ताळी वाटते असे कोणी म्हटले, आणि तू गोंधळलीस. अगं, एका आरोपीने साथीदारांची नावे सांगितल्यावरही दोन ग्रँड ज्युरींनी, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी, कोणावरही आरोप ठेवला नाही, यात दुर्दैव कुठे आले? राग कमी करू नकोस, नेमका कर.

कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्याकडे पुन्हा जा. कृष्णवर्णीय म्हणून रेल्वेच्या महिलांच्या डब्यातून कंडक्टर ओढून काढू लागला तेव्हा त्या त्याच्या हाताला चावल्या, हे तू रंगवून लिहिले आहेस; पुढचे मात्र घाईत उरकलेस. १८८४ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना ५०० डॉलर भरपाई दिली, आणि १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करताना, या बाईंचा हेतू रेल्वे कंपनीला त्रास देण्याचाच होता, असे ठरवले. जिला त्रास झाला तिलाच त्रासदायक ठरवायचे, ही रीत इतकी जुनी आहे. १८९२ मध्ये मेम्फिसच्या जमावाने त्यांचे मित्र टॉमस मॉस यांना दोन सहकाऱ्यांसह ठार मारले, वेल्स यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त झाले. तेव्हा त्या झुंडबळी मोजायला बसल्या. १८९५ च्या ‘द रेड रेकॉर्ड’ या पुस्तिकेसाठी त्यांनी आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’मधून, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप करायला कोणाला जागा उरू नये. त्या याद्यांमध्ये नाव, तारीख, ठिकाण आणि हत्येसाठी दिलेले कारण आहे. त्यांतल्या एका ओळीतही राग ओसरलेला नाही. असा नेमका राग मला तुझ्याकडून हवा आहे.

मी एवढी हट्टाला का पेटले, तेही सांगते. वीस वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या तक्रार समितीत मी होते. सफाईचे काम करणाऱ्या एका बाईंनी “माझा हात पिरगाळून मला भिंतीवर आपटलं” असे सांगितले होते, आणि मी अहवालात ‘गैरवर्तन’ लिहिले. सदस्य बिथरू नयेत, अहवाल एकमताने मंजूर व्हावा, असा माझा विचार होता. तो मंजूर झाला म्हणूनच त्यांची नोकरी टिकली, असे मी आजही स्वतःला बजावते आणि ते खोटे नाही. पण अंगठा उठवण्यापूर्वी त्यांनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारले, “बाई, ह्यात माझं कुठंय?” मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा पहिला खर्डा बाहेर काढ. ‘अमानुष’, ‘भयंकर’ ही विशेषणे खुशाल गाळ, पण कर्ता गाळू नकोस. बलात्कार ‘घडला’ नाही, सहा पुरुषांनी केला. माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देण्याच्या ११ वर्षे आधी रोझा पार्क्स याच प्रकरणाच्या तपासासाठी ॲबव्हिलला गेल्या होत्या, हे तळटीपेतून उचलून वर घे, कारण पाठ्यपुस्तकांनी त्यांना दमलेली, शांत शिवणकाम करणारी बाई करून ठेवले आहे. आणि २०११ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने माफी मागितली, हे वाक्य तू शेवटी सुखान्तासारखे ठेवले आहेस. तेथून काढ आणि ज्युरींच्या नकाराला लागून ठेव. तेव्हा टेलर ९१ वर्षांच्या होत्या, हेही त्याच ओळीत लिही. रविवारपर्यंत पाठव. मी जागी असेन.

तुझी,
बाई